घोड्यांचा हौद

आरजूचं भाषण संपलं तसा हॉल टाळ्यांनी दणाणला, आणि रूपालीनंही टाळ्या वाजवल्या, कारण पोरगी तिचीच, म्हणजे तिच्याच वर्गातली, इरशाद मेकॅनिकची थोरली. परीक्षकानं टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणे. पण भर दुपारी अंबाजोगाईच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये पंखे नुसतीच हवा हलवत असताना कोण कुणाला नियम सांगतंय! मागच्या फलकावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं, 'इंग्रजी राजवट: फायदे अधिक की तोटे?', आणि आरजू तोट्यांच्या बाजूची. माणसं अन्नावाचून तडफडत असताना धान्य जहाजांत भरून नेलं, विणकरांचे माग थंडावले, रेल्वे आणली ती कुणाच्या सोयीसाठी आणली, असं एकेक काढत तिनं इंग्रजांची पार अब्रू घालवली होती. घसा कोरडा पडला बिचारीचा. व्यासपीठावरून उतरली ती थेट खिडकीतल्या पाण्याच्या जारकडं गेली, तर तिथं जार रिकामा. तिची मैत्रीण चैताली, जी मघाशी फायद्यांच्या बाजूनं तावातावानं बोलून गेली होती, तिनं पिशवीतून बाटली काढली. "तोंड न्हाई लावत गं, हातावर वत," असं म्हणून आरजू वाकली, दोन्ही तळवे तिनं शेजारी लावले आणि चैतालीनं वरून धार धरली. हनुवटी पुढं, मान खाली, कोपरांवरून ओघळणारं पाणी. दोघी खिदळत होत्या. आत्ताच एकमेकींशी भांडलेल्या पोरी. त्यात काही नव्हतं, नुसतं पाणी होतं. पण रूपालीच्या हातातलं पेन कागदावर जिथल्या तिथं थांबलं.

हे हात तिनं पाहिले होते. आज सकाळी पाहिले होते, काल पाहिले होते, दादांना लकवा मारून दवाखान्यात आणल्यापासून रोज पाहत होती. दादा म्हणजे तिचे वडील, शहादेव मास्तर. पाटोद्याच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला, बोलण्यात कुणाच्या बापाला हार गेले नाहीत, आणि आता पांढऱ्या चादरीवर गप्प पडलेले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गिळता येत नाही. घोटभर पाणी जरी तोंडात घातलं तरी छातीत उतरेल, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं, त्यामुळं जे काय जायचं ते नाकातल्या नळीतून. डोळे तेवढे उघडे असायचे, पण त्यात ओळख आहे की नाही हे छातीवर हात ठेवून कुणी सांगावं? अशात एका सकाळी त्यांनी डाव्या हातानं उजवा मेलेला हात ओढत ओढत छातीशी आणला, तळव्याला तळवा लावला आणि मान पुढं झुकवली. "वंदना घ्यायचीय त्यान्ला," आई म्हणाली, आणि तिनंच त्रिशरण सुरू केलं. धाकटा जीवन पुण्याहून रातोरात आलेला, तो हात जोडून उभा राहिला. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची माणसंसुद्धा उठली. पंचशील म्हणताना रूपालीचा आवाज फुटत होता. सगळं गेलं पण धम्म गेला नाही, असं तिला वाटलं होतं, आणि हे वाक्य तिनं नंतर फोनवर ज्यानं त्यानं विचारलं त्याला ऐकवलंही होतं, थोड्या अभिमानानंच. तेव्हापासून दादा दिवसातून कितीदा तरी तसे हात करायचे आणि जवळ जे कोण असेल ते वंदना म्हणायचं. तळव्यांच्या मधे पोकळी राहायची. उजव्या हातात जोर नाही म्हणून तसं होतं, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. वंदना संपली तरी ते हात तसेच धरून बघत राहायचे, मग दमून हात खाली पडायचे. समाधान झालं, असं आई म्हणायची.

पाणी मागत होते. अगं बाई गं, पाणी मागत होते ते! एवढे दिवस तो माणूस आपल्या पोरांपुढं ओंजळ धरून पाणी मागतोय आणि आपण उभे राहून वंदना म्हणतोय, डोळे पुसतोय, फोन करतोय. उठावं, आत्ताच्या आत्ता उठावं, असं तिनं पायांना सांगितलं, पण पाय ऐकेनात. पुढचा मुलगा माइकपाशी आलासुद्धा, "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग" म्हणून मोकळाही झाला, आणि शेजारी बसलेले परमेश्वर सर, स्पर्धेचे संयोजक, गुणांचा तक्ता तिच्याकडं सरकवत कुजबुजले, "मॅडम, हा लई तयारीचा हाय, बघा." ती मान हलवत राहिली. कारण तिच्या मनाचा एक कोपरा अजून भांडत होता. नसेल तसं. नसेलच. दादा आणि ओंजळ? सगळ्या जगानं ओंजळीनं पाणी प्यालं असतं तरी दादा प्याले नसते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

घरात कायदाच होता तसा. पाणी तोंड लावून प्यायचं. पाहुणा असो, पोर असो, पेल्याला ओठ टेकलेच पाहिजेत. वरून घटाघटा ओतून घेणं आमच्यात चालायचं नाही. बाकी लोकांच्या घरी बरोबर उलटं, भांडं उष्टं करू नको म्हणून पोरांच्या पाठीत धपाटे. रूपाली पहिली-दुसरीत असेल, शाळेतल्या पोरी बघून तिनं घरी येऊन तांब्या वर धरला आणि आ करून धार सोडली. दादांनी तिच्या हातातून तांब्या काढून घेतला. मारलं नाही. पण तोंड असं झालं त्यांचं, की त्यापेक्षा चार रट्टे परवडले असते. "आपल्याला तोंड हाय का न्हाई?" एवढंच बोलले. पुढं एकदा त्यांच्या शाळेतले भगवानराव घरी आले होते. चांगला माणूस, पण सवयच त्यांना वरून प्यायची. त्यांनी पेला उचलून उंच धरला तर दादा हसत म्हणाले, "भगवानराव, आमच्या घरी भांडं उष्टं करावं लागतं बरं का. न्हाईतर चहा मिळत न्हाई." भगवानराव चपापले, मग पेल्याला ओठ लावून सबंध पाणी प्याले आणि आणखी मागितलं. त्या दिवशी दादा किती खुशीत होते! कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः जाऊन फरसाण आणलं त्यांनी. आईला म्हणाले, पेला घासू नको इतक्यात, राहू दे. आई म्हणाली, येड लागलंय का तुमाला. पेला रात्रभर तसाच ओट्यावर उपडा न घालता ठेवलेला होता.

मुलगा माइकवर सांगत होता, की इंग्रज आले नसते तर आपण अजून अंधारात असतो. शाळा कुणी काढल्या? कायदा सगळ्यांना सारखा कुणी केला? रूपालीनं सवयीनं त्याच्या नावापुढं काहीतरी आकडा लिहिला. हा विषय तिला नवा नव्हता. सबंध बालपण तिनं या विषयाच्या मांडीवर काढलं होतं म्हणा ना. दादांची शिकवायची तऱ्हाच निराळी. इंग्रजी राजवटीचा धडा आला की किराणा दुकानातली जुनी तागडी वर्गात यायची, फळ्याच्या खुंटीला टांगली जायची, आणि पोरांनी ओढ्यातनं गोटे वेचून आणायचे. एकेकानं उठायचं, मुद्दा सांगायचा आणि त्या मुद्द्याच्या वजनाचा गोटा पारड्यात टाकायचा. रेल्वे, फायदा, हा घ्या मोठा गोटा. शेतसारा, तोटा. पोस्ट, फायदा. दुष्काळ, तोटा, आणि दुष्काळाला पोरं दोन-दोन हातांनी धोंडा उचलून आणायची, कारण बीड जिल्ह्यातल्या पोराला दुष्काळ काही पुस्तकातून शिकायचा नसतो. एखादं वांड पोर म्हणायचं, "सर, पन इंग्रज हितं कुठं हुता? हितं तर निजाम हुता." मग दादा खूश. "शाबास! वर गोरा, त्याच्या खाली निजाम, निजामाच्या खाली पाटील. सारा जायचा निजामाकडं, सलाम जायचा गोऱ्याकडं. आन् पाणी? पाणी कुणाच्या हातात?" तागडी इकडं झुके, तिकडं झुके. शेवटी घंटा व्हायची आणि मास्तर काही निकाल द्यायचे नाहीत. खिशातून एक दगड काढायचे, टेबलावर ठेवायचे. काळा, एका अंगानं गुळगुळीत. "आता हा कुठं टाकू ते सांगा," म्हणायचे.

तो दगड या गावातलाच, अंबाजोगाईतला. गावाला मोमिनाबाद म्हणायचे त्या काळी इथं गोऱ्या साहेबांच्या हाताखालची घोडदळाची छावणी होती, आणि दादांचा पणजा तिथं गवत्या होता, घोड्यांना गवत कापून आणणारा. उन्हातान्हात रानातून भारा घेऊन यायचा तर गावात त्याला पाण्याला शिवायची सोय नाही. पण छावणीत घोड्यांना पाणी पाजायचा लांबलचक दगडी हौद होता. घोडी पिऊन गेली की गवते पालथे पडून त्याच हौदाला तोंड लावायचे. एका दिवशी पणजा तसा पीत असताना मागून बूट वाजले. गोरा साहेब. पणजा आहे तिथं थिजला, तोंड पाण्यातच. साहेबानं बघितलं. आणि काही न बोलता निघून गेला. बस, एवढीच गोष्ट. पणज्यानं ती आज्याला सांगितली, आज्यानं बापाला, बापानं दादांना. त्या घरात राजाराणीच्या गोष्टीच्या जागी हीच गोष्ट सांगितली जायची. छावणी उठली, हौद फुटला, आणि कुणीतरी त्याच्या काठाचा तुकडा उचलून घरी आणला तो हा. "गोऱ्यानं आपल्याला काय दिलं?" दादा वर्गाला विचारायचे. "त्यानं बघितलं आन् हाकललं न्हाई. विहीर खुली केली न्हाई. पंगतीला बसवलं न्हाई. घोड्याच्या मागं उभं केलं. पर सबंध दुनियेत तेवढं एकच ठिकाण, जिथं आपलं तोंड पाण्याला लागत होतं. आता मांडा ह्याचा हिशोब." कुणी म्हणायचं फायदा, कुणी म्हणायचं सर, ह्यो तर अपमान हाय. दादा दोघांचं ऐकून घ्यायचे आणि दगड परत खिशात टाकायचे. रूपालीनं मोठेपणी, प्राध्यापक झाल्यावर, जरा तोऱ्यातच विचारलं होतं, "दादा, तुमचं स्वतःचं मत काय?" तेव्हा ते म्हणाले, "माझं मत झालं की दगड पारड्यात जाईल. तुला दिसेलच की." दवाखान्यात आणलं त्या दिवशीही तो दगड त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच होता. नर्सनं कपडे बदलताना तो काढून आईच्या हातात दिला होता.

तोंड लावून पिण्याचा कायदा त्या हौदावरून आलेला, हे तिला कळलं तेव्हा ती हसली होती. आत्ता, माइकचा खरखराट ऐकत, तिला त्या हसण्याची शरम वाटली. आणि मग तिला भिवराबाई आत्या आठवली. दादांची थोरली बहीण, आता नाही. एका उन्हाळ्यात अंगणात शेवया वाळवताना ती सहज बोलून गेली होती, जे दादा जन्मात कधी बोलले नाहीत. "तुज्या बापाला लई तहान लागायची लहानपनी. पाटलाच्या विहिरीवर जाऊन बसायचा ओंजळ धरून. गडी माणसाला दया आली तर वरनं वतायचा, न्हाई तर न्हाई. वतलं की जोहार घालावा लागायचा, मंग दुसऱ्यांदा वतायचा. एवढंसं पोरगं, आन् मायबाप, मायबाप म्हनायचं." रूपालीनं हिशोब मांडला होता तेव्हा: म्हणजे इंग्रज गेले होते. निजामही गेला होता. चावडीवर तिरंगा लागला होता, शाळेत पोरं राष्ट्रगीत म्हणत होती, आणि दादा विहिरीवर उकिडवे बसलेले. आत्याला तिनं विचारलं, "मग कधी सुटलं ते?" आत्या म्हणाली, "बाबासाहेबानं धर्म दिला, आन् आमच्या बापानं पाटोद्याच्या बाजारातनं पितळी पेला आनला. देव समदे वड्यात सोडले आन् त्यांच्या जागी पेला मांडला बघ. त्या दिवसापासनं तुज्या बापानं, शादूनं, हातावरचं पानी पेलं न्हाई." ही गोष्ट दादांना विचारायचं धाडस रूपालीला कधी झालं नाही. आपल्याला ठाऊक आहे हेही तिनं त्यांना कळू दिलं नाही.

मग आता आणखी काय पुरावा हवा होता तिला? तिनं डोळे मिटले. लकवा माणसाची काय काय पानं फाडतो देव जाणे, देव नाही म्हणा आमच्यात, पण कुणीतरी जाणे. वाचा नेली, पेला नेला, पाटोद्याची शाळा नेली, तागडी नेली. बाबासाहेबांनी ज्या दिवशी उठवून उभं केलं तो दिवससुद्धा नेला. आणि तळाशी काय उरलं, तर एक तहानलेलं पोरगं, पाटलाच्या विहिरीवर. निदान हौदापर्यंत तरी जायचं होतं दादा, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडूच कोसळायला झालं. निदान पणज्याच्या त्या घोड्यांच्या हौदापर्यंत, जिथं तोंड लावता येत होतं. तिथंही नाही पोचले. मंचावर पोरं भांडत होती, आरजूचा गट आणि चैतालीचा गट, आता खुल्या चर्चेत, एकमेकींचे शब्द मधेच तोडत. तुम्ही लूट विसरता! तुम्ही कायदा विसरता! हुशार पोरी, मनापासून बोलत होत्या, आणि दोघींचंही खरं होतं, हेच तर अवघड. आपणही इतकी वर्षं हेच शिकवलं, दोन रकाने पाडून, परीक्षेला हमखास येणारा प्रश्न म्हणून. कुठल्याही रकान्यात दादांची ओंजळ बसत नव्हती. ती इंग्रजांनी दिली नव्हती, इंग्रजांनी नेलीही नव्हती. ते आले तेव्हा ती होती, गेले तेव्हाही होती. मधे एका साहेबानं बघितलं आणि बूट वाजवत निघून गेला.

"मॅडम," परमेश्वर सर हळूच म्हणाले, "झालं. निकाल तुमीच जाहीर करा. अनुकूल का प्रतिकूल?" सगळा हॉल तिच्याकडं बघत होता. आरजू ओढणीच्या टोकाशी चाळा करत, चैताली ओठ चावत. रूपाली उभी राहिली, टेबलाचा कोपरा घट्ट धरून. "सर, मला जावं लागेल. दादांकडं." "काही फोन आला का? जास्त हाय का?" "नाही," ती म्हणाली, "त्यांना पाणी पाहिजे." निकाल कुणी दिला, कुणाला दिला, तिनं पुढंही कधी विचारलं नाही. गुणांच्या तक्त्यावर आपण त्या मुलाला किती दिले होते तेही तिला आठवेना.

स्कूटी तिनं कशी चालवली ते तिलाच माहीत. बाजारात टरबुजांचे ढीग लागले होते, रसवंतीची घुंगरं वाजत होती, चौकाचौकात पाण्याचे जार वाहणारे टेम्पो उभे होते. सगळं गाव पाणी पीत होतं. बाटलीनं, पेल्यानं, पिशवी फोडून, नळीनं, कुणी वरून, कुणी तोंड लावून, कुणाला कशाचं काही नव्हतं. बरंच आहे की, ती स्वतःशीच म्हणाली. विसरावंच माणसानं. पण विसरल्यावर ते जातं कुठं? दवाखान्याच्या जिन्यात तिला धाप लागली आणि आपण एखाद्या लहान मुलाला जत्रेत विसरून आलोय असं काहीतरी वाटत राहिलं.

आई खाटेशेजारी स्टुलावर बसली होती, पदरानं वारा घालत. जीवन औषधं आणायला खाली गेलेला. दादा जागे होते. रूपाली जवळ गेली तसे त्यांचे डोळे तिच्यावर आले, आणि डावा हात उजव्याला ओढायला लागला. तळवे शेजारी आले. हनुवटी पुढं. कसं दिसलं नाही आपल्याला? नमस्काराला कुणी हनुवटी पुढं करतं का? आईनं हात जोडले आणि वंदना सुरू केली, रोजच्यासारखी, डोळे मिटून.

"आई, थांब. ते पाणी मागतायत."

आईचा आवाज थांबला. तिनं डोळे उघडले नाहीत. रूपालीला वाटलं हिला कळलं नाही.

"ओंजळ आहे ती, आई. आत्या सांगायची बघ, विहिरीवरची."

"मला म्हाईत हाय," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"पयल्याच दिवशी वळखलं म्या. मी काय आकाशातनं पडले का गं? माज्या मायनं, माज्या बापानं तसंच पेलं." तिनं डोळे उघडले, ते कोरडे होते. "पर तुमी दोघं उभं हुता म्होरं. ह्यो जीवन, तू. शिकलेली लेकरं. तुमच्या बापानं जन्मात कधी तुमच्यापुढं हात पसरला न्हाई. मंग म्या म्हनलं वंदना हाय."

"अगं पण कावून, आई? त्यांना तहान लागली होती!"

"डाक्टर देऊ देत न्हाई पानी. मंग निदान अब्रू तरी ऱ्हाऊ दे म्हनलं." तिचा आवाज फाटला. "मला बी समजत हुतं गं बाई. रोज समजत हुतं."

रूपालीनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. रागवावं असं काही उरलंच नव्हतं. दादांचे हात अजून तसेच पुढं होते. तिनं नर्सला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. घरून आणलेला पितळी पेला कपाटावर होता, दादांच्या बापानं पाटोद्याच्या बाजारातून आणलेला. आईनं तो इथंही आणून ठेवला होता, दादा बरे होतील तेव्हा लागेल म्हणून. तिनं त्यात थोडं पाणी घेतलं, उशीला हात देऊन त्यांना टेकून बसतं केलं आणि पेला ओठांना लावला. दादांनी तोंड मागं घेतलं. झटक्यात घेतलं, जिवाच्या भीतीनं. "दादा, तुमचाच पेला आहे. तोंड लावा. तुम्हीच सांगायचा ना, तोंड लावा म्हणून." त्यांनी मान फिरवली. ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळ्यांत विनवणी, की बाई, भांडं बाटवून घेऊ नका माझ्याकडून. तिनं पेला खाली ठेवला. मग आपल्याच ओंजळीत पाणी घेतलं आणि त्यांच्या तोंडाशी नेलं, लेकीच्या हाताचं तरी पितील म्हणून. ते आणखी मागं सरकले, भिंतीला डोकं टेकेपर्यंत. पाणी तिच्या बोटांतून चादरीवर गळून गेलं.

"वरनं वत," आई म्हणाली. "त्यान्ला तसंच कळतंय."

रूपाली उभी राहिली. खाटेच्या वर, त्यांच्या डोक्याच्या वर हात नेऊन, जिथं आयुष्यात कधी उभी राहायला नको होती तिथं उभी राहिली. अंतर राखून. पेला तिरका केला. बारीक धार त्यांच्या ओंजळीत पडली, निम्मी मेलेल्या हातावरून वाहून गेली, आणि दादांनी मान घालून ओले तळवे चाटले. चमचाभरही गेलं नसेल पोटात. ठसका लागला नाही. डोळे मिटून ते नुसतं ओठांवरचं पाणी जिभेनं पुसत राहिले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या कपाळावरची आठी गेली. कपाटावर पेल्याच्या जागेशेजारी तो काळा दगड पडलेला होता, एका अंगानं गुळगुळीत.

मग त्यांनी डोळे उघडून वर बघितलं, तिच्याकडं, पण तिला नव्हे. डावा हात हळूहळू कपाळाशी गेला. डॉक्टरांनी जी वाचा परत यायची नाही म्हणून सांगितलं होतं, ती आली.

"ज्वाहार," दादा म्हणाले. "माय... बाप."

"आवं," आई ओरडली, आणि तोंडात पदर कोंबला, आणि परत काढला. "आवं, लेक हाय ती! आपली रूपा हाय!"

दादांनी ओंजळ पुन्हा पुढं केली. जोहार घातला होता, आता दुसऱ्यांदा मिळायला हवं होतं. रूपालीनं पेला उचलला आणि ओतलं.